अर्धं पान लोकांचं

मामा गेल्याची बातमी मला ओमती बाजारातल्या कागदवाल्यानं दिली. "दीदी, जल्दी आइए, दादाजी स्टूल पर बैठे-बैठे..." एवढंच तो बोलला. मी पोचले तेव्हा दुकानातल्या लोकांनी त्यांना बाकावर निजवलं होतं. चष्मा कुणीतरी काढून त्यांच्या खिशात ठेवला होता आणि फुलस्केप कागदाचा नवा गठ्ठा शेजारी तसाच होता, दोरी बांधलेला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस सकाळी दहा वाजता स्वतःच्या पायानं कागद आणायला गेला होता. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. मला रडू आलं ते बऱ्याच वेळानं. आधी आला तो राग. अजून इतकं लिहायचं बाकी होतं आणि हे असे मधूनच उठून गेले!

दुसरा राग आला तो दहा-बारा दिवसांनी. जबलपुरातल्या आपल्या मराठी लोकांच्या एका मंडळानं मामांची शोकसभा घेतली. फोटोला हार, खाली पाटी : "पूर्वजांच्या पराक्रमाचे गाथाकार." मी पहिल्या रांगेत बसून ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते. मामांनी आयुष्यात एकाही पराक्रमाची गाथा लिहिली नाही. त्यांनी लिहिलं ते विहिरींबद्दल, घाटांबद्दल, चुन्याच्या भट्ट्यांबद्दल, कोणत्या मोहल्ल्यात कोण कुठून येऊन राहिलं त्याबद्दल. पूर्वजांचा अभिमान धरून त्यांनी एकदाच लिहिलं, तिथंच ते चुकले, आणि ती चूक त्यांनी ह्याच सभागृहात उभं राहून सांगितली, तेव्हा ह्याच खुर्च्या खडखडल्या होत्या. ते त्या दिवशी कुणाला आठवलं नाही. म्हणून हा लेख त्या शोकसभेला उत्तर म्हणून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. मेल्या माणसाला गोड करून घ्यायची आपल्याकडे रीतच आहे, पण मामांना गोड करू द्यायची नाही असं मी ठरवलं आहे.

दिनकर टेंभेकर हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. आमचं आजोळ मराठ्यांच्या चाकरीत इकडं आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही. मामा संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात नकाशे काढायच्या विभागात होते. लग्न केलं नाही. कांचघर मोहल्ल्यात दोन खोल्या, त्यातली मोठी कागदांची आणि लहान त्यांची. "तुझ्या मामानं सवत आधीच आणून ठेवली, आता बायको कोण देणार?" असं आई म्हणायची. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. पोहे-जलेबी खाऊन सकाळी बाहेर पडायचे ते उन्हं उतरल्यावर घरी. मी शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून रविवारी कधीकधी त्यांच्या मागं पिशवी धरून जायची.

त्यांची लिहायची एक पद्धत होती. कागद उभा मधोमध दुमडायचा, डाव्या अर्ध्यावर मजकूर लिहायचा आणि उजवं अर्धं कोरं सोडायचं. ही कचेरीतली जुनी रीत. मसुदा साहेबापुढं असाच जायचा आणि साहेब कोऱ्या बाजूला दुरुस्त्या करायचा. साहेबासाठी सोडलेली ती जागा मामांनी लोकांसाठी सोडली. ज्या मोहल्ल्याबद्दल लिहिलं, त्या मोहल्ल्यात जाऊन ते पान मोठ्यानं वाचायचे, हिंदीत समजावून सांगायचे आणि विचारायचे, "बताओ भैया, इसमें गलत क्या है?" कुणी हरकत घेतली की ती उजवीकडं त्याच्या नावासकट लिहायची. पटो न पटो, लिहायची. डावीकडचं खोडायचं नाही, उजवीकडचंही नाही. एकदा एका तळ्याच्या जागेवरून रेल्वेतले दोन म्हातारे मामांसमोरच हातघाईवर आले. मामांनी दोघांची हरकत लिहून घेतली, दोघांची सही घेतली आणि दोघांना चहा पाजला. "तळं कुठं होतं मग?" मी येताना विचारलं. "अजून ठरून नाही राहिलं," मामा म्हणाले, आणि ते अगदी खूश होते.

आता चुकीबद्दल. पाटनच्या रस्त्याला आत एक बावडी आहे. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची, दगडी, अजून पाणी धरणारी. ती आमचे पूर्वज राघोपंत यांनी बांधली, असं आजोळी सगळे सांगत आले. घरच्या पेटीत राघोपंतांच्या एका मोडी पत्राचं शेवटचं पान होतं, त्यात बावडीचं काम "सिद्धीस गेले" असं लिहिलेलं. मामांनी त्यावरून एक लहानशी पुस्तिका लिहिली, मंडळानं ती छापली आणि बावडीवर राघोपंतांच्या नावाची संगमरवरी शिळा बसवली. आईच्या डोळ्यांतल्या पाण्याला त्या दिवशी खळ नव्हता. मी तर माझ्या शाळेच्या मुलींना बस करून ती शिळा दाखवून आणली आणि दिमाखात म्हटलं, ये हमारे पूर्वज थे.

ह्या एकाच वेळी मामांनी पान वाचून दाखवलं नव्हतं. घरचीच गोष्ट, तिची कुणाला विचारणा करायची, असं त्यांना वाटलं. शिळा बसली त्याच आठवड्यात ते पुन्हा तिथं गेले, मी बरोबर होते. पायरीवर फुलमती नावाची एक म्हातारी बसली होती, त्याच गावची. तिनं विचारलं, "बाबूजी, पथरा पे कौन को नाम लिखे हो?" मामांनी सांगितलं. म्हातारी हसली. "जा तो हमाई बड़ी दाई की बावड़ी आय." ही तर आमच्या थोरल्या आजीची बावडी, म्हणे.

दुसरा कुणी असता तर हसून परतला असता. मामा पायरीवर बसले आणि त्यांनी कागद दुमडला. त्या गावात नवी नवरी आली की तिला पहिली घागर ह्या बावडीत भरायला आणतात आणि बायका सासू, आजेसासू करत वर वर जाऊन सात बायकांची नावं घेतात. सातवी ती बड़ी दाई, बावडी खणवणारी. मामा पुढच्या दोन वर्षांत तिथल्या तीन लग्नांना गेले. तिन्ही वेळा तीच सात नावं, त्याच ओळीनं. मग त्यांनी घरची पेटी पुन्हा पालथी घातली, आणि आजोबांच्या एका पोथीच्या बासनात पत्राचं पहिलं पान सापडलं. राघोपंतांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की गावच्या बायकांची पुरातन बावडी गाळानं भरली होती, ती त्यांनी साफ करविली.

मामांनी ते पान मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "मग?"

"मग काय? चुकलो. सांगा लागेल."

"मामा, कोणी विचारून नाही राहिलं. घरातच राहू द्या ना. काहून उगाच सगळ्यांसमोर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तू असं म्हणून राहिली, हे लिहून घेऊ?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. "घ्या लिहून," मी म्हटलं.

त्या वर्षी गणेशोत्सवात मंडळानं त्यांचं भाषण ठेवलं होतं. मामा उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "राघोपंतांनी बावडी बांधली नाही. गाळ काढला. मी चूक लिहिलं, शिळा बदला." नंतर म्हणाले, "गाळ काढणं काही कमी नाही. मला तर त्याचा जास्त अभिमान वाटून राहिला." हे दुसरं वाक्य कुणी ऐकलंच नाही. खुर्च्या सरकल्या, मागून कुणी तरी ओरडलं, "घर का भेदी!" आणि मी... मी बाजूच्या दारानं बाहेर पडले. लोक माझ्याकडं बघत होते आणि मला ते सहन झालं नाही. मामा एकटेच व्यासपीठावर उभे होते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मंडळानं त्यांना कार्यकारिणीतून काढलं. शिळा बदलली नाही. मामांनी अर्ज केले, उत्तरं आली नाहीत. मग त्यांनी काय करावं? दर महिन्याला पाटनची बस धरायची, पिशवीत कणकेची खळ आणि एक दुमडलेला कागद. डावीकडं हिंदीत बावडीची खरी हकिकत आणि सातही नावं, उजवीकडं कोरं. तो कागद शिळेच्या शेजारी चिकटवून यायचा. पुढच्या महिन्यापर्यंत कुणी तरी फाडलेला असायचा, नाही तर पावसानं धुतलेला. मामा दुसरा लावायचे. फुलमती होती तोवर ती खळीचा डबा धरायची. ती गेल्यावर ते एकटेच जायचे. "मामा, तुमचं वय काय, करून काय राहिले तुम्ही?" मी एकदा चिडून म्हटलं. "कागद लावून राहिलो," ते म्हणाले. मी कधी बरोबर गेले नाही. नोकरी होती, संसार होता... नाही, खरं सांगायचं तर लाज वाटायची.

शोकसभेनंतर मंडळाचे सचिव किशोर कांचघरला आले. हा मुलगा मामांच्या समोर वाढला, वाईट नाही. म्हणाला, "ताई, मामांचे सगळे कागद आम्ही घेतो. वेगळी खोली, काचेची कपाटं, दारावर त्यांचं नाव. देखो, मामांचा मान राहावा म्हणूनच म्हणून राहिलो." मला खरंच बरं वाटलं. एवढे कागद मी एकटी कुठवर सांभाळणार होते? मी हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "बस एक फाईल... ती बावडीवाली. ती तुम्हीच घरी ठेवा. घरची बाब आहे. आणि त्यात तुमचं पण नाव आहे, ताई. आताच चाळली मी. चांगलं नाही दिसणार."

तो गेल्यावर मी फाईल उघडली. मामांनी डावीकडं पत्राच्या दोन्ही पानांची हकिकत लिहिली होती, स्वच्छ, नकाशावर लिहावीत तशा अक्षरांत. उजव्या बाजूला पहिली हरकत : "भाची नलिनी. 'कोणी विचारून नाही राहिलं. घरातच राहू द्या.'" आणि त्याखाली मामांचा शेरा : "ऐकलं. मान्य नाही."

आधी शरमेनं कान तापले, मग हसू आलं आणि मग जे रडू दुकानात नीट आलं नव्हतं ते सगळं आलं. मामांनी माझी थट्टा केली नव्हती. माझी हरकतही त्यांनी तळ्यावरून भांडणाऱ्या त्या दोन म्हाताऱ्यांच्या हरकतीइतक्याच इमानानं लिहून घेतली होती. आता किशोरचं ऐकलं तर बावडी झाकली जाणार होती आणि मीही अलगद झाकली जाणार होते. सभागृहातून मी एकदा बाहेर पडले होते. हे दुसरं दार होतं.

पुढच्या रविवारी किशोर टेम्पो ठरवूनच आला. मी फाईल त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, "सगळं न्या, नाही तर काही नेऊ नका. आणि ह्या पानाला मंडळाची हरकत असेल, तर ही बघा उजवी बाजू, जागा आहे. लिहा."

"मी लिहू?"

"नाव घालून. मामांचा नियमच आहे. माझं नाही का?"

त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, पान पाहिलं. मग टोपण बंद केलं. "अच्छा चलो, मंडळाला विचारून सांगतो." टेम्पो रिकामा गेला. ह्याला आता महिना होत आला, अजून ते विचारताहेत.

मीच लिहिलं मग. माझ्या हरकतीखाली, मामांच्या शेऱ्याखाली : "नलिनी. माझं चुकलं. मी तेव्हा बाहेर गेले होते." खाली सही केली. खोडलं काहीच नाही.

कागद कांचघरलाच राहतील. काचेचं कपाट नाही, लोखंडी आहे, एक दार नीट लागत नाही. दर रविवारी सकाळी मी ती खोली उघडते. फुलमतीची नात आरती पाटनला शाळेत शिकवते, ती एका रविवारी आली होती. मी मामांसारखंच पान मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, इसमें गलत क्या है? ती जरा लाजली, मग म्हणाली, "दादी तो चौथी का नाम पूरा नहीं लेती थीं, ससुर का नाम आ जाता था उसमें. पूरा नाम मैं बताऊँ?" तिनं ते उजवीकडं स्वतःच लिहिलं. तिन्ही लग्नांत नावं फुलमतीनंच सांगितली होती, म्हणून मामांना पुरं नाव मिळालं नव्हतं, ते असं मिळालं. मामा असते तर ते तिला जलेबी खायला घेऊन गेले असते आणि घरभर नाचले असते.

आणि तो गठ्ठा, ओमतीच्या दुकानातला, दोरी बांधलेला. तो मी त्यांच्या टेबलावर ठेवला होता, हात लावायचा धीर होत नव्हता. गेल्या आठवड्यात दोरी सोडली. वरचा कागद उभा दुमडला, हकिकत उतरवली, सात नावं लिहिली, चौथं पुरं. कणकेची खळ शिजवली आणि पाटनची बस धरली. आरतीनं डबा धरला, मी शिळेच्या शेजारी कागद लावला. गुडघे दुखतात, पण पायऱ्या उतरून पाण्याला हात लावून आले.

काल तिचा फोन आला. कागद कुणी तरी फाडला.

फाडू दे. गठ्ठ्यात अजून पुष्कळ कागद आहे.