फोनच्या मागचा आवाज

ऑडिशनचा व्हिडिओ संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा होता आणि फोनमध्ये जागाच नव्हती. म्हणून जुन्या ऑडिशन डिलीट करायला बसले. त्यातल्या एकीनेही काम मिळवून दिलं नव्हतं, तेव्हा जीव अडकण्याचं कारण नव्हतं.

प्रत्येक व्हिडिओत मी कपाटावर ताणलेल्या निळ्या चादरीपुढे उभी. नाव सांगते, उंची सांगते, डावीकडे वळते, उजवीकडे वळते. मग फोनच्या मागून बाबांचा आवाज येतो. समोरच्या पात्राची वाक्यं तेच वाचायचे. सासू असो, इन्स्पेक्टर असो की प्रियकर, आवाज एकच, वीजबिल वाचल्यासारखा. एकदा तर त्यांनी कंसातलंही वाचलं, "तू मला विसरून जा. डोळे पुसतो."

"बाबा, कंसातलं वाचायचं नसतं हो!"

"बरं, परत घेऊ. तुझं मात्र छान चाललं होतं."

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. हल्ली समोरची वाक्यं मी मनातल्या मनात म्हणते आणि तेवढा वेळ गप्प उभी राहते. बघणाऱ्यांना वाटत असेल, बाई विराम छान घेते.

एका व्हिडिओत मी त्यांच्यावर खेकसले आहे, "हात दिसतोय तुमचा, मागे व्हा." आणि ते निमूटपणे मागे झाले आहेत.

प्रत्येक व्हिडिओच्या अगदी शेवटी रेकॉर्डिंग बंद करायला तो हात पुन्हा पुढे येतो. पाच कधीच वाजून गेलेत. हात बटणापर्यंत पोचायच्या आत मी व्हिडिओ थांबवते.