तिसरीच्या वर्गाची बाकं

साहेबांनी फाईल माझ्याकडे वळवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘फर्निचर : अ‍ॅडिक्वेट.’ म्हणजे पुरेसं. खाली मोठ्या बाईंची सही होती. अक्षर माझं होतं.

त्या दिवशी मी घाटकोपरच्या म्युनिसिपल शिक्षण खात्याच्या ऑफिसात पालक म्हणून गेले होते. माझी मुलगी त्याच वर्षी म्युनिसिपल शाळेत तिसरीत दाखल झाली होती आणि तिचा वर्ग फरशीवर बसत होता. पावसाळ्यात फरशीला ओल यायची. मुलं खाली वर्तमानपत्र घालायची, तरी वह्यांची पानं फुगायची. मुलगी वाकून लिहायची आणि संध्याकाळी मान दुखते म्हणायची. म्हणून मी बाकांसाठी अर्ज आणला होता.

“रिपोर्टमध्ये बाकं आहेत, मॅडम. आहेत त्या बाकांसाठी मी ग्रँट कशी मागू?” साहेब म्हणाले.

मी फाईल त्यांच्याकडे परत वळवली. आदल्या वर्षापर्यंत मी त्याच शाळेत शिकवत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी रजेच्या जागेवर होते. कायमच्या बाई लांब रजेवर असतील तर त्यांच्या जागी घेतात, तशी नोकरी. त्या परत आल्या आणि माझं काम संपलं. मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. माझ्या मराठीला कुणी हसेल म्हणून स्टाफरूममध्ये गप्पच असायची. पण तपासणीचा फॉर्म इंग्रजीत असे, त्यामुळे तो भरायला माझ्याकडे यायचा.

आमच्या इमारतीत तीन शाळा होत्या. तळमजल्यावर आमची मराठी, पहिल्यावर हिंदी, दुसऱ्यावर गुजराती. बाकं फक्त गुजराती शाळेकडे, कुणा व्यापाऱ्याने दिलेली. आमच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सातवीची मुलं ती जिन्यावरून खाली आणायची. बीट ऑफिसर, म्हणजे भागातल्या शाळा तपासणारे अधिकारी, येऊन जायचे. मग तीच बाकं हिंदी शाळेच्या तपासणीला. बदल्यात आमचे नकाशे आणि विज्ञानाची पेटी वर जायची. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. समोर बाकं दिसली, मी लिहिलं.

ऑफिसातून मी थेट शाळेत गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मालवणकडच्या. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. पुढच्या तपासणीला बाकं खाली आणू नका, असं मी त्यांना सांगितलं.

“पाहुणे यायचे असले की शेजारून खुर्च्या आणतोच ना गो आपण?”

“पण बाई, पाहुण्यांकडे आपण खुर्च्या मागत नाही. या ऑफिसवाल्यांकडे आपण बाकंच मागतोय.”

बाई म्हणाल्या, “इथे होतीस तेव्हा तोंड उघडलं नाहीस. आता स्वतःची पोर खाली बसली तेव्हा सुचलं तुला.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. माझ्यासमोरही मुलं फरशीवरच बसायची. ती दुसऱ्यांची होती.

बाईंची अडचणही खरी होती. शाळेच्या प्रत्येक वस्तूची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असते. रिपोर्टमध्ये बाकं होती, रजिस्टरमध्ये नव्हती. कुणी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं असतं तर जाब त्यांनाच द्यावा लागला असता. फॉर्म मी भरला असं लिहून देते, मी म्हटलं.

“सही माझी आहे. तू मध्ये येऊ नको,” त्या म्हणाल्या.

पुढच्या तपासणीला बाईंनी बाकं वरच राहू दिली. बीट ऑफिसरनी विचारलं, गेल्या वर्षीची कुठे गेली? बाईंनी सांगितलं, मागून आणलेली होती. कुणाकडून, ते सांगितलं नाही. त्यांना जाब विचारणारा मेमो आला. उत्तरात त्यांनी दोनच ओळी लिहिल्या, ‘शाळेची अब्रू राखण्यासाठी असे केले. यापुढे होणार नाही.’ मेमो सर्व्हिस बुकात लागला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तो पहिलाच.

बाकं पुढच्या वर्षी आली, दिवाळीनंतर. एकाच वर्गापुरती. ती तिसरीत लावली. माझी मुलगी तोवर चौथीत गेली होती, फरशीवर. मी चौथीसाठी विचारलं तर ऑफिसातला क्लार्क म्हणाला, तुमच्या शाळेला आत्ताच दिली ना? नीटनेटक्या दिसणाऱ्या शाळेचा नंबर शेवटी लागतो, एवढं मला त्या ऑफिसात कळलं.

बाकं आल्याचं सांगायला मी मुलुंडला बाईंच्या घरी गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या.

“किती आली?”

“तिसरीपुरती.”

“मग चौथीचा अर्ज घाल,” त्या म्हणाल्या. “आणि तपासणीच्या दिवशी वर्ग झाडून पण घेऊ नका म्हणावं मुलांना.”

अर्ज मी घातला. वर्ग मात्र मुलांनी झाडलाच. ती सवय बाईंनीच लावली होती.