लाल जर्सीतला क्वार्टरबॅक

“हर्ट की इन्जर्ड? एका शब्दात सांग.”

आमचा हेड कोच ब्रेंट माझ्या ट्रीटमेंट रूमच्या दारात उभा होता. एका हातात कॉफी, बुटांना मैदानाचा चिखल. आत टेबलावर आमचा क्वार्टरबॅक कोडी शर्ट काढून बसला होता आणि मी त्याचा डावा खांदा चाचपत होते. फुटबॉलवाल्यांच्या भाषेत हर्ट म्हणजे दुखतंय, पण खेळेल. इन्जर्ड म्हणजे खेळणार नाही. या दोन शब्दांच्या मधे शरीर नावाची एक भानगड असते, ती त्यांच्या गावीच नसते.

“इन्जर्ड,” मी म्हटलं.

“आय ॲम गुड,” कोडी म्हणाला.

“तू गप्प बस,” मी म्हटलं.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची सांगलीची, संसार कॅनडातल्या सस्काटूनचा. माझा नवरा श्रीकांत पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होता, आता रिटायर्ड आहे. ही २०१७ च्या सीझनची गोष्ट. तेव्हा मी इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमची फिजिओ होते. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हा हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा.

या खेळात प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होतो. तो बॉल लांब फेकतो, नाहीतर शेजारच्या पळणाऱ्या गड्याच्या हातात देतो. त्याला कुणी धडकू नये म्हणून पाच दांडगी पोरं पुढे भिंतीसारखी उभी करतात. म्हणजे सगळं जग त्याला जपतं. आणि ब्रेंटचं ऑफेन्स, म्हणजे चढाईची पद्धत, काय होती? क्वार्टरबॅकनेच बॉल घेऊन पळायचं! कोडीचे पाय जबरदस्त होते, कबूल. कॅनडाचं मैदान अमेरिकेपेक्षा रुंद, पळायला जागा भरपूर. पुढे सरकायला संधी मात्र तीनच मिळतात. “मग जो हमखास यार्ड काढतो त्यालाच पळू दे ना,” हे ब्रेंटचं तत्त्वज्ञान. टीम जिंकत होती, म्हणून सगळे माना डोलवत होते.

पळणारे गडी आलटूनपालटून बाहेर बसतात, दम खातात. क्वार्टरबॅकला बदली नसते. शनिवारी मॅच, रविवारी माझ्या टेबलावर कोडी. आज बरगडी, पुढच्या वेळी गुडघा, मग मान. मी ब्रेंटला दर वेळी सांगत होते की हे फार दिवस चालणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी! तो म्हणायचा, “नीला, यू वरी टू मच.”

आता डावा खांदा. हासळीचं हाड खांद्याला जिथे मिळतं, तिथले बंध अर्धवट फाटले होते. फेकायचा हात उजवा, म्हणून तेवढं नशीब. पण त्याच खांद्यावर पुन्हा आपटला असता तर उरलेलंही गेलं असतं.

आणि कोडीचं नेमकं तेव्हाच सगळं पणाला लागलेलं. शेवटचं वर्ष. शनिवारच्या मॅचला एका प्रोफेशनल टीमचा माणूस त्याला बघायला येणार होता. कॅनेडियन पोराला क्वार्टरबॅक म्हणून घेताना हे लोक आधीच नाकं मुरडतात. ब्रेंट गेल्यावर कोडी मला हळूच म्हणाला, “त्यांनी मला फेकताना बघायला हवं, नीला. पळणारे त्यांच्याकडे ढीगभर आहेत.” हे पोर खरं बोललं. मला त्याची फार दया आली.

मी ब्रेंटला टेक्स्ट केला, “कोडी या आठवड्यात रेडमध्ये.”

उत्तराला त्याचा ‘ठीक’वाला अंगठा आला. मी निर्धास्त झाले.

आमच्याकडे प्रॅक्टिसमध्ये लाल जर्सी घातलेल्या खेळाडूला कुणी हात लावायचा नाही, असा नियम. जखमी खेळाडूला मी लाल जर्सी द्यायची. त्याने पळायचं नाही, कडेला हलका व्यायाम करायचा. सगळा आठवडा मी आत होते, कारण दोन पोरांचे घोटे एकदम गेले होते आणि त्यांचं कळवळणं थांबत नव्हतं. बाहेर काय चाललंय ते बघायला मला फुरसत नव्हती.

शुक्रवारी मी मैदानावर गेले तर ब्रेंट खुशीत. “खांदा ए-वन आहे! कोडी आठवडाभर हरणासारखा पळालाय. प्रत्येक रनला मोकळा सुटला.”

“पळाला? मी त्याला रेडमध्ये टाकलं होतं!”

“हो, होता की रेडमध्ये.”

“मग पळाला कसा?”

“नीला,” ब्रेंट लहान मुलाला समजावतात तसा म्हणाला, “क्वार्टरबॅक रोजच रेडमध्ये असतो.”

मी कपाळावर हात मारला. अरे कर्मा! टीमकडे जर्सीचा वेगळा रंग एकच, लाल. जखमींना तोच आणि क्वार्टरबॅकलाही तोच, कारण प्रॅक्टिसमध्ये आपल्याच पोरांनी त्याला आडवं करू नये. म्हणजे मी ज्याला जखमी म्हणून लाल केला, तो त्यांना नेहमीचाच लाल दिसला. मी मोठ्या गांभीर्याने टेक्स्ट करते आणि हा समजतो, पोर इन्जर्डमधून सुटलं, रोजच्यासारखं रेडमध्ये आलं! अंगठा दिला आणि विसरला.

“आणि मोकळा सुटणारच ना!” माझा आवाज चढला. “त्याला हात लावायलाच बंदी आहे! हात न लावता कोण कुणाला अडवणार? उद्या समोरचे हात लावणार आहेत, ब्रेंट. दोन्ही हात लावणार आहेत!”

ब्रेंट वळून मैदानाकडे बघायला लागला. मला वाटतं, आपली ती देखणी पळापळ एका माणसालाही न चुकवता झालेली असते, हे त्याच्या डोक्यात त्या क्षणी पहिल्यांदा शिरलं. इतकी वर्षं कोचिंग करतोय हा बाबा!

मी कोडीकडे वळले. “तुला तरी तोंड आहे ना? बोलला का नाहीस?”

“कोचने पळायचा प्ले सांगितला. मला वाटलं, तुमचं दोघांचं बोलणं झालंय.”

मी त्याला बसवणारच होते. मेडिकलचा शब्द शेवटचा असतो. पण त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी ब्रेंटकडे बघितलं. ब्रेंट म्हणाला, “तो फक्त फेकेल. पळायचा एकही प्ले देणार नाही. प्रॉमिस.” खांद्यावर जाड पॅड लावून उभं राहून फेकायचं असेल तर धोका कमी होता. मी हो म्हटलं.

घरी श्रीकांत म्हणाला, “अगं, तू कशाला जिवाला लावून घेतेस? टेप लावायची आणि घरी यायचं.”

“तुला भिंतीला तडा दिसला तर खाणीत माणसं सोडली असतीस का?” मी विचारलं. तो गुपचूप भाकरी मोडायला लागला.

शनिवारी बोचरा वारा होता, पण ब्रेंटने शब्द पाळला. आणि कोडीने काय फेकलं म्हणून सांगू! वाऱ्याला कापत, नेमकं छातीवर. तो प्रो टीमचा माणूस रेलिंगला टेकून उभा होता, तो सरळ झाला. मी साइडलाइनवरून कोडीकडे बघत होते आणि बॉलकडे बघायचं विसरत होते. गंमत म्हणजे झेलणाऱ्या पोरांच्या हातातून बॉल सुटत होते. सुटणारच! दोन वर्षं त्यांना कुणी बॉलच दिला नव्हता. क्वार्टरबॅक पळणार म्हणून त्यांना नुसतं समोरच्यांना ढकलायला ठेवलं होतं. पोरं झेलायचं विसरली होती. त्यामुळे इतकं सुंदर फेकूनही आम्ही थोडक्याने मागे.

मॅचचा तिसरा क्वार्टर, म्हणजे चारातला तिसरा भाग. तिसरी म्हणजे शेवटची संधी, आणि दोनच यार्ड हवे होते. ब्रेंटने पळणाऱ्या गड्यासाठी प्ले दिला. कोडीने बॉल त्याच्या पोटाशी नेला आणि ऐन वेळी काढून घेतला. घेतला तो घेतला, स्वतः कडेने पळत सुटला.

“गिव्ह इट!” ब्रेंट ओरडला.

यार्ड दोनच हवे होते. कोडीने सात-आठ काढले. तिथे बसून घसरला असता तर नियमाने कुणी त्याला हात लावला नसता. पण तो घसरायला कधी शिकलाच नव्हता, कारण प्रॅक्टिसमध्ये त्याला कधी गरजच पडली नव्हती. दोघांनी मिळून त्याला खाली घेतलं. डाव्या खांद्यावर. मी धावत गेले तेव्हा तो गवतावर उताणा पडून आभाळाकडे बघत होता, आणि या खेपेला “आय ॲम गुड” म्हणाला नाही. 

ट्रीटमेंट रूममध्ये ब्रेंट आला. चेहरा उतरलेला. “मी तुला पळायचा प्ले दिला नव्हता. बॉल गड्याला द्यायचा होता. तू का ठेवलास, कोडी?”

कोडीने डोळे उघडले. “समोरच्यांचा कडेचा माणूस आत घुसला, कोच. तो आत आला की बॉल ठेवायचा आणि बाहेरून पळायचं. तुमचाच रूल आहे.”

  चार वर्षं एकच गोष्ट अंगात भिनवायची आणि मग एका शनिवारी सांगायचं, आज तेवढी करू नकोस! अरे, भिनली म्हणूनच तर तो तुमचा क्वार्टरबॅक झाला ना?

बंध पुरते तुटले. ऑपरेशन झालं. तो प्रो टीमचा माणूस जाण्याआधी माझ्याकडे आला होता. “नाइस आर्म,” म्हणाला. मग विचारलं, “किती दिवस लागतील?” मी सांगितलं. त्याने सभ्यपणे मान हलवली, आणि पुन्हा कधी त्याचा फोन आला नाही. कोडी आता बापाच्या शेतावर असतो. परवा ग्रोसरीत भेटला. वरच्या शेल्फवरचं पीठ उतरवायला डावा हात वर जाईना, म्हणून त्याने वळून उजव्याने घेतलं. मी बघितलं ते त्याला कळलं. दोघंही हवामानावर बोललो.

त्या सीझननंतर मी भांडून जखमींसाठी पिवळ्या जर्सी मागवून घेतल्या. ऑफेन्स मात्र तेच राहिलं. हिवाळा संपायच्या आत ब्रेंटने शेजारच्या रजायना शहरातलं एक चपळ पोर क्वार्टरबॅक म्हणून आणलं, आणि पुढच्या सीझनला टीम परत जिंकायला लागली.

मागच्या महिन्यात टीमच्या जेवणाला एक जुना खेळाडू मला विचारत होता, “नीला, क्वार्टरबॅकला एवढं पळवणारं ऑफेन्स कॉलेजमध्ये टिकतं का गं खरंच?”

मी म्हटलं, “टिकतं की. ऑफेन्सला काय धाड भरलीय? सध्या त्याचा तिसरा क्वार्टरबॅक चालू आहे.”