दोन प्रश्नचिन्हं

आई गेल्यावर शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटाच उरलो. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरबसल्या मिळालं होतं, म्हणून कोल्हापूर सुटलं नव्हतं. पहिला प्रोग्रॅम त्या दुपारी चारच्या आत पाठवायचा होता. ते जमलं नाही तर गाशा गुंडाळून पुणं गाठावं लागणार, हे मला ठाऊक होतं.

आणि नेमकं त्याच सकाळी पायथन, म्हणजे माझी प्रोग्रॅम लिहायची भाषा, हटून बसलं. बाहेरून आणलेली तयार कोडची एक लायब्ररी माझ्या प्रोग्रॅमच्या शेजारीच, त्याच फोल्डरमध्ये होती. आदल्या दिवशी मुकाट चालत होती. आता इम्पोर्ट, म्हणजे ती आत घे, म्हटलं की एकच उत्तर यायचं, या नावाचं काही नाही. अरे, समोर तर आहे! स्पेलिंग तपासलं, पायथन काढून पुन्हा टाकलं, कॉम्प्युटरला मनसोक्त शिव्या हासडल्या. तेव्हा आमच्या गल्लीत पायथन म्हटलं असतं तर कुणीतरी साप पकडणाऱ्याला बोलावलं असतं. विचारणार कुणाला?

शेवटी पुण्यात नोकरीला असलेल्या जुन्या वर्गमित्राला फोन लावला. तो मूळचा नेसरीचा, आमच्याच जिल्ह्यातला.

"ते कुठं कुठं शोधतंय, ती यादी स्क्रीनवर छापून बघ की," तो म्हणाला.

छापली. माझ्या फोल्डरच्या नावाच्या जागी नुसती दोन प्रश्नचिन्हं.

"मराठीत नाव दिलतंस व्हय? त्याला मराठी वाचता येत न्हाय, गड्या. इंग्रजी अक्षरांत कर. काय नाव हाय?"

"कायबी न्हाय. असंच," म्हणालो आणि फोन ठेवला.

आदल्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगची सोय करून घेतली होती. चाचपडत पहिला शब्द उमटवला तो 'आई'. घरात तो शब्द उच्चारायला कारणच उरलं नव्हतं. म्हणून कामाच्या फोल्डरला तेच नाव देऊन टाकलं, रोज उघडताना दिसेल म्हणून.

आता इंग्रजी अक्षरांत आई लिहून पाहिलं. कुणा परक्या बाईचं नाव वाटलं. ते खोडून इंग्रजीतच 'काम' लिहिलं. साडेतीन वाजले होते. एन्टर दाबताना मात्र मनापासून वाटलं, हे चालू नये.

लगेच चाललं. काम वेळेत गेलं, कोल्हापूर राहिलं. आईला नेलं त्या दिवशी घर पावण्यांनी भरलं होतं आणि मी सगळ्यांना पाणी विचारत फिरत होतो. काम गेलं त्या दुपारी पाणी विचारायला कुणी नव्हतं. मी खुर्चीत बसून हमसून हमसून रडलो.