कबड्डीच्या मैदानावर चौदा रोल

मुलुंडच्या एका फोटो स्टुडिओत कमल साळवे सहा वर्षं एकच गोष्ट शिकली होती: माणूस एक, क्लिक एक. मालक भाऊराव फिल्मच्या रोलवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे. गिऱ्हाइकाने डोळे मिटले तरी दुसरा फोटो काढायची सोय नव्हती.

त्यामुळे १९८६ साली एका साप्ताहिकाच्या संपादक अनुपमाताईंनी तिच्या हातात चौदा रोल ठेवले, तेव्हा तिला वाटलं, हे वर्षभर पुरतील. काम मात्र आठवड्याचंच होतं. जोगेश्वरीत बायकांचा एक कबड्डी संघ होता. दिवसभर कारखान्यात राबून त्या संध्याकाळी मैदानात उतरायच्या. त्यांचे फोटो हवे होते.

कमल रजा टाकून गेली. दुसऱ्या दिवशी ताईंनी फोनवर विचारलं, "किती झाले?"

"अकरा."

"अकरा रोल? एका दिवसात?"

"रोल नाही ताई. फोटो."

ताई पोट धरून हसल्या. "अगं, आमचे लोक दिवसाला पाच-पाच रोल उडवतात, तेव्हा कुठे एखादा छापण्याजोगा मिळतो. पहिले दोन रोल तर समोरच्यांनी कॅमेरा विसरावा म्हणूनच असतात. हात सैल सोड जरा!"

खरंच होतं ते. त्या अकरा फोटोंसाठी सगळ्या जणी झेंडावंदनासारख्या ताठ उभ्या राहिल्या होत्या.

त्या संध्याकाळी कमलने बटण दाबायला सुरुवात केली ती थांबेचना. आधी बोट कचरत होतं, मग सैलावलं.

"अगो, किती काढतलंस?" संघाची कप्तान जानकी ओरडली. ती मूळची मालवणकडची.

"संपेपर्यंत!"

तिसऱ्या दिवशी कमलकडे कुणी ढुंकूनही बघेना. ती धुळीत पालथी पडून फोटो काढायला लागली.

शनिवारी सामना होता. शेवटच्या चढाईत तिघींनी जानकीला धरलं. तिघींना ओढत ती मधल्या रेषेकडे सरकू लागली. कमलने रोल पुढे सरकवायची कळ फिरवली, बटण दाबलं, पुन्हा फिरवली, पुन्हा दाबलं. जानकीच्या बोटाचं टोक रेषेला लागलं आणि मैदान दणाणलं. कमलही सगळ्यांबरोबर ओरडत होती. आपण किती फोटो काढले, हे आयुष्यात पहिल्यांदाच तिला सांगता आलं नसतं.

साप्ताहिकात चार फोटो छापून आले. जानकीच्या बोटाचा पानभर! भाऊरावांनी ते पान स्टुडिओच्या काचेवर चिकटवलं आणि येईल त्याला सांगू लागले, "आमची कमल."

पुढच्या रविवारी कमल उरलेले फोटो घेऊन मैदानावर गेली. एकेका रोलचे छत्तीस चिमुकले फोटो एकेका कागदावर उमटवले होते. ते बघायला तिने आणलेल्या भिंगावर बायका तुटून पडल्या.

पानभर फोटो जानकीला मुळीच आवडला नव्हता. "तोंड बघ माझा!" म्हणत तिने दुसऱ्याच फोटोवर बोट ठेवलं. त्यात सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. "ह्यो माका होयो."

"मलापण तोच!" दुसरी म्हणाली. मग तिसरी.

कुणाला कुठला फोटो मोठा करून द्यायचा, त्याच्या खुणा कमल लाल पेन्सिलीने करत गेली. त्या दिवशी सराव काही झाला नाही.