बांधावरच्या देवाचं लोकेशन

मुलीच्या लग्नाचा हॉल ठरला, केटरर ठरला, पत्रिका छापून घरी आल्या, आणि गठ्ठ्यातल्या पहिल्याच पत्रिकेवर आईने हात ठेवला. ही देवाची, म्हणाली. मी म्हटलं बरं, संध्याकाळी गावदेवीला ठेवून येतो. तर म्हणे गावदेवीची दुसरी. पहिली बांधावरच्या देवाची.

इथे माझं डोकं फिरलं. कारण देव सोडा, आमचा बांधच उरलेला नाही. डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला आमची भातशेती होती. तिच्यावर आता टॉवर उभा आहे आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये आम्ही त्याच टॉवरात राहतो. शेत होतं तेव्हा बांधावर शेंदूर फासलेला एक दगड होता, शेताचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा, आणि घरात लग्न निघालं की पहिलं आमंत्रण त्याला. लहानपणी मी तो पाहिलेला, पण शेंदराखेरीज मला त्यातलं काही आठवत नव्हतं. खोदकाम सुरू व्हायच्या आधी बाबांनी तो उचलून कुठेतरी हलवला.

कुठे, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आमच्याकडे तशी रीतच आहे. देवाचं ठिकाण घरातल्या मोठ्या पुरुषाने सांभाळायचं, नारळ त्यानेच द्यायचा, आणि आपल्याच्याने आता जाववत नाही असं झालं की मोठ्या मुलाला सोबत नेऊन ते दाखवायचं. पण एकदा दाखवलं की आपलं आयुष्य आवरलं, असंही मानतात. त्यामुळे कुठलाही बाप ते लवकर दाखवत नाही. आमचे बाबा तर गेल्या वर्षी सकाळी चहा पिता पिता गेले. दाखवायचं राहूनच गेलं.

"देवाला नाय सांगितला, त मांडव पन नाय," आई म्हणाली.

आवाज चढवून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती अगदी हळू बोलली. बाबा गेल्यापासून तिने कशाचाच हट्ट धरला नव्हता. जेवायला वाढलं तर जेवायची, टीव्ही लावला तर बघायची. इतक्या महिन्यांनी तिने काहीतरी मागितलं होतं आणि नेमकं तेच माझ्याकडे नव्हतं. हळद पुढच्या आठवड्यात. मला रात्री झोप येईना आणि दिवसा कुणाचं बोलणं सहन होईना. बायकोने साडीचा रंग विचारला तरी मी तिच्यावर खेकसत होतो.

जिचं लग्न होतं ती माझी मुलगी मात्र शांत होती. तिला आठवलं, आजोबा दरवर्षी नारळ देऊन आले की घरच्या ग्रुपवर देवाचा फोटो टाकायचे. खरंच टाकायचे. आम्ही सगळे खाली जोडलेले हात पाठवायचो. मीही पाठवायचो, फोटो न उघडता. ग्रुपवर आलेल्या फोटोतून ठिकाणाची माहिती गळून जाते, मूळ फोटो पाहिजे, असं तिने सांगितलं. मूळ फोटो बाबांच्या फोनमध्ये होता, आणि फोन कपाटात, त्यांच्या चष्म्याशेजारी.

चार्ज केला. फोनला कुलूप नव्हतंच, बाबांना ती भानगड नको असायची. लोकेशन मात्र चालू होतं. ते मीच चालू करून ठेवलेलं, म्हातारा माणूस कुठे भरकटला तर शोधता यावा म्हणून. बाबा कधी भरकटले नाहीत.

देवाचे सगळे फोटो सारखेच. दगड नाकासमोर धरल्यासारखा जवळून घेतलेला, शेंदूर, नारळाची वाटी, झेंडूचं फूल. मागचं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मुलीने सर्वात अलीकडचा फोटो उघडून बोट वर सरकवलं, तसा खाली नकाशा आला. नकाशावरचा ठिपका आमच्याच बिल्डिंगवर.

"हा सोड," मी म्हटलं. "घरी बसून जुन्याच फोटोचा फोटो काढला असेल."

ती म्हणाली, पप्पा, तसं वाटत नाही. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, आधीचा काढ.

आधीचा निघाला खडवलीचा. त्याच्या आधीचा आंबिवलीचा. सगळ्यात जुना वागळे इस्टेटमधला, जिथे बाबा एका वर्कशॉपच्या गेटवर नोकरीला होते. हळूहळू माझ्या लक्षात आलं. वर्कशॉप विकलं गेलं तेव्हा त्यांनी देव आंबिवलीला आत्याच्या शेतात नेला असणार. आत्याने शेतात भाड्याच्या खोल्या काढल्या, तेव्हा खडवलीला. डिपॉझिट संपलं की भाडेकरूने खोली बदलावी तसा आमचा देव बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत होता, आणि हमाल माझे बाबा. आम्हाला वाटायचं, ते मित्रांकडे गेलेत.

रविवारी सकाळीच खडवलीला निघालो. बायका या देवाला जात नाहीत, पण आई गाडीत येऊन बसली आणि तिला उतर म्हणायची माझी छाती झाली नाही. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत ती पत्रिका. मुलगी मागे, हातात बाबांचा फोन. कल्याण ओलांडेपर्यंत मी इतका हॉर्न वाजवला की शेवटी मुलीने कानात बोटं घातली. दर वळणावर आई विचारायची, आला काय? आणि मी म्हणायचो, आलं आलं.

ठिपका नदीपलीकडच्या एका वाडीत होता. बाबांच्या जुन्या मित्राची वाडी. मित्र दोन वर्षांपूर्वीच वारलेले. त्यांच्या म्हाताऱ्या बायकोने आम्हाला ओळखलं, पाणी दिलं आणि काही न विचारता मागच्या करंजाच्या झाडाखाली नेलं. तिथे गुळगुळीत झालेली थोडी जमीन होती आणि वाळलेली करवंटी. देव नव्हता.

"ते गेल्या वर्षीच घेऊन गेले की," त्या म्हणाल्या. "म्हणाले, वहिनी, आता एवढ्या लांब माझ्याच्याने येववत नाही. घरी नेतो."

आई झाडाच्या मुळावरच बसली. येववत नाही, या शब्दांचा अर्थ आमच्याकडे काय होतो ते आम्हा दोघांनाही कळत होतं. म्हणजे बाबांना कळलं होतं. म्हणजे मला दाखवायची वेळ झालीय हेही त्यांना कळलं होतं.

"मंग तुला दाखवला कसा नाय त्यानं?" आईने विचारलं.

मला बाबांचा संताप आला, आणि मेलेल्या माणसाचा संताप येतो म्हणून स्वतःचाही.

परतताना कल्याणच्या पुलावर मुलगी एवढंच म्हणाली, "पप्पा, तो शेवटचा फोटो." काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी मनातल्या मनात सगळं घर उपसत होतो. माळा, बाल्कनी, तुळशीची कुंडी, आईच्या पलंगाखालची जागा. इतका मोठा दगड आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरात येईल कसा?

सोसायटीत शिरलो. सवयीने गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि आमच्या पार्किंगमध्ये मागे घेत गेलो, मागचं चाक दगडाला टेकेपर्यंत. टक आवाज झाला.

चाक भिंतीवर जाऊ नये म्हणून आमच्याकडे प्रत्येक पार्किंगच्या मागे दगड ठेवलेला आहे. दिवाळीनंतर सोसायटीने रंगकाम काढलं तेव्हा सगळ्यांवर पिवळेकाळे पट्टे मारून घेतले. आमचा दगड इतरांपेक्षा थोडा मोठा, चाकाला छान बसणारा. बाबा होते तेव्हा संध्याकाळी खालच्या बाकावर बसायचे आणि मी ऑफिसातून आलो की म्हणायचे, गाडी जरा पुढं घे रे. रोज. एकदा वैतागून मी म्हटलेलं, दगड कशाला ठेवलाय मग? ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलणार होते. मी लिफ्टकडे गेलो.

मी इंजिन बंद केलं. मुलगी आधी उतरली. मागे जाऊन वाकली, फोनचा टॉर्च भिंत आणि दगडाच्या मधल्या फटीत धरला. बाबांनी भिंतीकडे वळवून ठेवलेल्या अंगाला रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता. तिथे शेंदूर होता.

आई गाडीला धरत धरत मागे आली. मला वाटलं आता रडेल, किंवा मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता दगडावर हात ठेवला, पिवळ्या पट्ट्यावर.

"परत आपल्याच शेतान आनून ठेवला त्यानं," म्हणाली.

मग पिशवीतून पत्रिका काढली आणि ती ठेवायला जागा शोधू लागली. जागा नव्हती. चाक देवाला टेकलेलं होतं.

"गाडी जरा पुढं घे रे," आई म्हणाली.

मी जाऊन गाडीत बसलो. किल्ली फिरवली. मग गाडी पुढे घेतली.