हनुवटीचं इंजेक्शन

माझी धाकटी बहीण हिंजवडीत नोकरीला आहे. लग्न ठरल्यावर महिन्याभराने ती म्हणाली, हनुवटीत फिलर भरून घ्यायचंय. आमच्या घरात सगळ्यांचीच हनुवटी आत गेलेली, त्यामुळे बाजूने बघितलं की नाक मोठं वाटतं. इंजेक्शनने आत जेल भरलं की हनुवटी थोडी पुढे येते आणि चेहरा तोलात दिसतो, असं तिने मोबाइलवर फोटो दाखवत समजावलं. मला पहिला संशय आला तो तिच्या होणाऱ्या सासरचा. आडून आडून विचारलं. कुणीच काही बोललेलं नाही, म्हणाली. माझा विश्वास बसला नाही.

तिला एकटीला पाठवायचं मन होईना, म्हणून रविवारी घोटावड्याहून तिच्यासोबत भूगावला गेले. खाली फरशीचं दुकान, वर क्लिनिक. पांढरा कोट घातलेली बाई गोड बोलत होती, जरा जास्तच. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे चेहरे लावलेले, पण डॉक्टरचं प्रमाणपत्र कुठे दिसेना. बहिणीला खुर्चीत बसवून तिने ट्रे आणला. त्यात सिरिंज होती, आधीच भरलेली.

मी पिरंगुटच्या कारखान्यात आलेला माल तपासते. सील फुटलेलं खोकं आत घेत नाही. त्या सवयीनेच विचारलं, याचं खोकं कुठंय? बाई म्हणाली, कचऱ्यात गेलं. कचरा दाखवा म्हटलं, तर तो मघाशीच नेला म्हणाली. डॉक्टर कोण, तर सर फक्त शनिवारी येतात.

"ऊठ," मी बहिणीला म्हणाले.

"ताई, लोकांसमोर तमाशा नको करूस."

"ऊठ म्हणते ना. हितं सुई टोचून घ्यायची न्हाई."

ती उठली, पण स्कूटरवर घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. पुढचे पंधरा दिवसही नाही. आईने दोनदा विचारलं, काय बिनसलंय तुमचं. दोघींनीही काही नाही म्हणून सांगितलं.

मग एका संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली आणि फाईल पुढे केली. शहरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे ती एकटीच जाऊन आली होती. त्यांनी तिच्यासमोर सीलबंद खोकं उघडलं, त्यावरचं स्टिकर फाईलला चिकटवलं. क्वचित जेल रक्तवाहिनीत जाऊन ती बंद होते, तसं झालं तर काय करायचं, हेही आधी सांगितलं. जेल हळूहळू आपोआप विरघळतं, तेव्हा हे कायमचं नाही, असंही.

मी स्टिकरवरचा बॅच नंबर वाचला, मुदत बघितली. मग तिला खिडकीपाशी नेऊन बाजूने पाहिलं. हनुवटीवर निळसर डाग होता, थोडी सूज होती. नाकाला कुणी हात लावला नव्हता, तरी ते लहान वाटत होतं. चांगली दिसत होती. तरीही माझ्या तोंडून गेलंच, "खरं सांग, कुणी हे डोक्यात भरवलं तुझ्या?"

तिने फाईल मिटली.

"त्या बाईवर संशय घेतलास ते बरं झालं, ताई. पण मला स्वतःलाच हे पायजे होतं, हे तुला खरं का वाटत न्हाई?"

तिच्या जागी भाऊ असता आणि त्याने केस लावून घेतले असते, तर मी असं खोदून विचारलं असतं का, कोण जाणे. सूज दिसल्यावर आईला काय सांगायचं, एवढं मात्र त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून ठरवलं.